कौलावरचे साल

वसईच्या एखाद्या गावात जुन्या घराचे छप्पर उतरविण्याचे काम निघाले की कौले अंगणात ओळीने रचली जातात. त्यांतले एखादे उलटून पाहिले तर कधी कधी त्याच्या पाठीवर रोमन लिपीत बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल ठसठशीत उमटलेले आढळते. मग घरमालक अभिमानाने सांगू लागतात, 'आमचे छप्पर दीडशे वर्षांचे!' त्यांचा विरस करणे जिवावर येते, पण ते साल कौलाच्या जन्माचे नव्हे. कारखाना सुरू झाला त्याचे ते साल आहे. कौल त्यानंतर कितीही वर्षांनी भाजलेले असू शकते. त्यावरून घराचे वय काढणे म्हणजे दुकानाच्या पाटीवरील साल वाचून आतल्या तांदळाचे वय ठरविण्यासारखे झाले.

तरीही १८६५ हे साल आपल्या घरांच्या इतिहासात फार मोलाचे आहे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांचा एकमेकींशी काडीइतकाही संबंध नव्हता. मंगळूरला कौलांचा कारखाना निघाला. तिकडे हिंदुस्थान सरकारने उत्तराधिकाराचा कायदा संमत केला आणि १ जानेवारी १८६६ पासून तो अमलात आला. घर वाढविणे कौलामुळे शक्य झाले. ते घर कोणाकोणाचे, हे कायद्याने ठरविले. कौलाचा परिणाम लवकरच दिसू लागला; कायदा मात्र आपल्या घरांतून शंभर वर्षे निजून राहिला. घराची दुरुस्ती वा वाढ करावयास निघालेल्या कुटुंबाला आज ज्या अडचणी भेडसावतात, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ या दोहोंपैकी एकात सापडते.

कौल येण्यापूर्वीचे घर डोळ्यांसमोर आणू या. जोते दगडाचे, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवरून वर गेलेले आढे आणि आढ्यावरून दोहों बाजूंना उतरणारे वासे. छपराचा सारा भार खांबांवर. भिंती बहुधा कुडाच्या किंवा मातीच्या. त्यांचे काम आडोसा करण्याचे, भार वाहण्याचे नव्हे. ज्याची ऐपत त्याने चुन्यात दगड बसविला. वर गरिबाच्या घरी पेंढा किंवा माडाच्या झापा, आणि बऱ्या स्थितीतल्याकडे कुंभाराने घडविलेली नळीची कौले. अशा घरात भिंत हलविणे फारसे अवघड नसे. कूड काढावा, चार हात पुढे रोवावा, शेणमातीने लिंपावा, की खोली मोठी झाली. खांब तेवढा हलवावयाचा नाही, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे.

अवघड होते ते बाहेर वाढणे. कौलारू छपराला उतार हवाच. तो कमी केला तर पावसाळी वाऱ्याबरोबर पाणी कौलांखालून उलटे आत शिरते. आजच्या मापाने सांगावयाचे तर मंगलोरी कौलांना साधारणपणे तीस अंशांच्या आसपास उतार देतात. या हिशेबाने घर सहा फूट पुढे न्यावयाचे तर छप्पर जवळजवळ साडेतीन फूट खाली उतरते. मूळ भिंत नऊ फूट उंच असेल तर पडवीच्या कडेला साडेपाच फूटच उरतात. जुन्या घरांच्या पडव्यांत पाहुण्याला मान लववून शिरावे लागते त्याचे कारण हे आहे. त्यात नम्रतेचा संस्कार वगैरे काही शोधू नये; ती भूमिती आहे. यावर उपाय दोनच. सबंध छप्पर उतरवून खांब उंच करावयाचे, नाही तर पडवीची जमीन एक-दोन पायऱ्या खाली घ्यावयाची. पहिला उपाय खर्चाचा, म्हणून लोकांनी दुसरा पत्करला. ओटीवरून पडवीत उतरताना लागणारी पायरी ही त्या काटकसरीची खूण होय. काटकसर अर्थातच फुकट नव्हती. खाली घेतलेल्या जमिनीत पावसाळ्यात ओल येई.

शिवाय नळीचे छप्पर दरवर्षी शाकारावे लागे. ही कौले एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. मांजर फिरले, माकडाने उडी मारली, नारळ पडला, की जागा सोडतात. उन्हाळा सरता सरता सारी कौले परतावयाची, फुटकी बदलावयाची, पाला-कचरा काढावयाचा, पुन्हा रचावयाची. जितके छप्पर मोठे तितकी दरसालची मजुरी मोठी. घर वाढविणाऱ्याला नव्या खोलीच्या खर्चाबरोबरच आयुष्यभराच्या शाकारणीचाही हिशेब करावा लागे, आणि पुष्कळांचा बेत त्या हिशेबापाशीच अडे.

ही अडचण दूर केली मंगळूरच्या कारखान्याने. स्वित्झर्लंडमधील बासेल गावी १८१५ साली स्थापन झालेल्या प्रॉटेस्टंट मिशनचे धर्मप्रसारक १८३४ मध्ये मंगळूरला आले. नवख्रिस्ती कुटुंबे जातीबाहेर टाकली जात, त्यांचा रोजगार जाई. त्यांच्या पोटापाण्यासाठी मिशनने विणकाम व इतर उद्योग काढले. गेऑर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने नेत्रावतीच्या काठची चिकणमाती पारखली आणि १८६५ मध्ये युरोपातील नमुन्यावर यंत्राने दाबलेली कौले तेथे तयार होऊ लागली. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील झिलार्दोनी बंधूंनी १८४० च्या सुमारास अशा कौलाची युक्ती काढली होती. कौलाच्या कडेला खाच, शेजारच्या कौलाला तिच्यात बसणारी कड, आणि पाठीवर रिपेला अडकणारे नाक. कौल कौलात अडकल्यामुळे जागचे हलत नाही, आणि कौलांचे थरावर थर रचावे लागत नसल्याने छप्परही हलके होते. लवकरच, १८६८ साली, पास्कल आल्बुकर्क या मंगळुरी कॅथलिक गृहस्थाने पाणेमंगळूर येथे आपला कारखाना काढला, आणि पुढे त्या किनाऱ्यावर कौलांचे कारखाने ओळीने उभे राहिले. प्रॉटेस्टंटांनी काढलेला धंदा कॅथलिकांनी तीनच वर्षांत उचलला. ख्रिस्ती ऐक्याचा हा प्रकार इतिहासकारांनी फारसा नोंदविलेला नाही. असो.

ही कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे येत. वसईपुढे तर लोहमार्गही होता. मुंबई व गुजरात यांना जोडणारा हा मार्ग १८६४ मध्ये पुरा झाला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईस जाणारी पहिली स्थानिक गाडी सुटली. वसईची पाने, केळी आणि भाजी या गाडीने बाहेर पडू लागली, आणि वाडीतला पैसा घराला लागू लागला. पुढे मुंबईतील नोकरीचा पगारही त्यात आला.

परंतु नळीची कौले उतरवून मंगलोरी चढविणे म्हणजे केवळ कौल बदलणे नव्हते. नळीच्या कौलांना बांबू, वेडावाकडा वासा, काहीही चाले. मंगलोरी कौल मात्र सरळ, करवतीने कापलेल्या, सारख्या अंतरावर ठोकलेल्या रिपांवरच बसते; अंतर बोटभर चुकले तर नाक रिपेत अडकत नाही. म्हणून सारे छप्पर सुताराच्या हातून नव्याने करावे लागे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले, याप्रमाणे नग मोजावयाचे, फुटतूट धरावयाची, आणि हे सर्व दिवाळीनंतर सुरू करून मृगाआधी पुरे करावयाचे. त्या अवधीत घरातली माणसे कोठे राहात? तेथेच. अर्धे छप्पर उघडे, अर्ध्याखाली चूल, धान्याच्या कणग्या ताडपत्रीखाली, आणि म्हातारी माणसे शेजाऱ्याच्या ओटीवर. राहत्या घरात काम काढण्याचा हा जाच आजही बदललेला नाही. ज्यांनी तो अनुभवला आहे त्यांना अधिक सांगावयास नको, आणि ज्यांनी अनुभवला नाही त्यांना सांगून कळणार नाही.

छप्पर नव्याने होतेच आहे तर खांब दोन हात उंच का करू नयेत, असा विचार याच वेळी घरोघर झाला असावा. पडवीतली वाकण्याची सक्ती त्याने गेली आणि तुळयांवर फळ्या टाकून माळ्याला माणूस उभा राहील इतकी उंची मिळाली. माळ्यावर आधी भात, कांदे, सुकी मासळी; मग लग्न झालेला मुलगा. आपल्याकडे खोली वाढते ती बहुधा लग्न ठरल्यावर. उपवासकाळात लग्ने नसतात, म्हणून नाताळच्या पुढेमागे किंवा मे महिन्यात तारीख धरली जाते, आणि गवंड्याला दिलेली मुदत ही खरे तर चर्चमध्ये जाहीर झालेल्या बॅन्सची मुदत असते. घाईने ओढलेला गिलावा भिंतीवर भेगा दाखवितो तो या कारणाने. घराला आशीर्वाद द्यावयास धर्मगुरू येतात तेव्हा रंगाचा वास अजून गेलेला नसतो.

यानंतरचा मोठा बदल सिमेंटचा. पोरबंदरला १९१४ मध्ये हिंदुस्थानात सिमेंट यशस्वीपणे तयार होऊ लागले, तरी गावातल्या घराच्या वाढीत ते खऱ्या अर्थाने शिरले स्वातंत्र्यानंतर. तेही सुखासुखी नव्हे. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परवाना काढावा, कोट्याची वाट पाहावी, मिळाल्या तेवढ्या गोण्यांत काम उरकावे. नियंत्रण १९८२ मध्ये काही अंशी आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. त्या काळातल्या कित्येक बांधकामांत मालात सिमेंट कमी आणि वाळू अधिक पडली असेल तर नवल नाही. आज त्या खोल्या दुरुस्तीला काढणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. भिंतीत खिळा ठोकताना वाळू गळू लागली तर दोष खिळ्याचा नसतो.

सिमेंटची खोली बहुधा घराच्या मागे निघाली. स्वयंपाकघर, न्हाणीघर, वर सपाट स्लॅब. समोर कौलारू घर, मागे स्लॅबची पेटी, हे दृश्य वसईत घरोघर दिसू लागले. जुन्या घरांची छायाचित्रे घेणारे लोक या पेटीकडे पाहून नाक मुरडतात. त्यांनी एकदा पावसाळ्यात पहाटे पाच वाजता ओल्या लाकडांच्या धुरात, वाकून शिरावे लागणाऱ्या चुलीशी बसून पाहावे. ही पेटी घरातल्या बाईने मागून घेतली होती, आणि तिचा तो हक्कच होता. प्रश्न तिच्या रूपाचा नाही. जुने आणि नवे जेथे मिळते त्या सांध्याचा आहे.

या सांध्याचे दुखणे तिहेरी. कौलांवरून येणारे पाणी स्लॅबच्या उभ्या भिंतीशी अडते, म्हणून तेथे पत्र्याची पन्हळ बसवावी लागते. तिच्यात आंब्याची पाने साचतात, पत्रा गंजतो, आणि पहिल्या मुसळधार पावसात धार नेमकी माजघरात पडते. दुसरे, पाया. जुने जोते आपल्या भाराने पिढ्यान् पिढ्या दबून स्थिरावलेले असते. नवा पाया पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत खाली बसतो. गवंडी हौसेने नवी भिंत जुनीत दात धरून बांधतो आणि दोघी एकमेकींना ओढून भेग पाडतात. दोन्हींत सरळ उभी फट ठेवून ती वरून झाकावी, हे कमी दिमाखाचे काम अधिक टिकते. तिसरे दुखणे लोखंडाचे. समुद्र आणि खाडी हाताशी असल्यामुळे वाळू जवळची, आणि ती खारी. विहिरीचे पाणीही काही गावांतून मचूळ झालेले. खारट वाळू-पाण्यात घातलेली सळई आतून गंजते, फुगते, आणि वीस-पंचवीस वर्षांनी स्लॅबच्या पोटाचे पोपडे खाटेवर पडू लागतात. त्यावर नुसता गिलावा चढविणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. पोपडा काढून, सळई उघडी करून, गंज खरवडून, लागल्यास नवी सळई जोडूनच ते काम करावे लागते. नाही तर दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच.

एक चूक तर हौसेने केली जाते. चुन्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीला आतबाहेर सिमेंटचा गिलावा दिला जातो. जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि वाऱ्याला देऊन टाकते. सिमेंटने तिचा श्वास कोंडतो, ओल आतच राहते, मीठ फुटते, आणि भिंतीशी टेकलेले लाकूड कुजू लागते. शंभर वर्षे उभा राहिलेला खांब दहा वर्षांत पायथ्याशी पोकळ होतो. चुन्याची घाणी फिरविणारे बैल आता राहिले नाहीत हे खरे, परंतु चुना अजून मिळतो.

शौचकूप घरात आले तेव्हाही घर वाढले. त्याच्या टाकीची आणि विहिरीची सोयरीक होऊ नये म्हणून दोहोंत निदान पन्नास फूट अंतर राखण्याचा दंडक आहे. पण वाटण्या होऊन होऊन ज्याच्या वाट्याला वीस फूट रुंदीची पट्टी आली त्याने पन्नास फूट आणावेत कोठून? आपली विहीर सांभाळली तर शेजाऱ्याची जवळ येते. बावखले बुजवून घरासाठी जागा केली गेली ती याच काळात. पावसाचे पाणी साठवून विहिरी गोड ठेवणारी ती खोलगट जागा होती, हे पुष्कळांना पाणी मचूळ झाल्यावर उमगले.

आता वाटण्यांकडे, म्हणजे १८६५ च्या दुसऱ्या गोष्टीकडे वळू. दोन भावांत घर वाटले जाते तेव्हा माजघराच्या मध्यातून भिंत उठते, चुली दोन होतात, दारे दोन होतात. छप्पर मात्र एकच राहते, कारण आढे एक. जोवर दोघेही कौलांखाली आहेत तोवर हे निभते. एका भावाने आपला अर्धा भाग पाडून दुमजली स्लॅब घालावयाचे ठरविले की संकट येते. आढे मध्ये कापावे लागते. कापण्याआधी उरलेल्या अर्ध्याला धीरा आणि मग कायमचा खांब द्यावा लागतो. तो खर्च कोणाचा? स्लॅबचे पाणी भावाच्या कौलांवर पडते, ते कोणी वळवावयाचे? मधली भिंत कोणाची, आणि तिच्यावर दुसऱ्या मजल्याचा भार टाकावयाला संमती कोणाची? भाऊ भाऊ कोर्टात गेल्याच्या ज्या कथा आपण ऐकतो त्यांचा उगम पुष्कळदा या वीतभर जाडीच्या भिंतीत असतो.

आणि या सगळ्या मोजणीत बहिणी कोठे होत्या? १८६५ च्या कायद्याने, आणि त्याची जागा घेणाऱ्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने, मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेला आणि उरलेला दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखा दिला. मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाही. लग्नात बापाने दिलेले सोने त्या वाट्यातून वजा करता येत नाही, असेही त्याच कायद्यात आहे. केरळातील त्रावणकोर भागात निराळा कायदा होता. तेथे मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय या सिरियन ख्रिस्ती बाईंनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली आणि १९८६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की १९५१ पासूनच तेथे १९२५ चा कायदा लागू आहे. हिंदू मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळावयास २००५ साल उजाडावे लागले. आपल्या बहिणींना मात्र बापाच्या घरात भावाइतका वाटा १८६६ पासून होता. मागावयाचा नाही एवढाच रिवाज होता. 'तिचे लग्नात झाले' हे एक वाक्य सगळ्या कायद्याला पुरून उरले.

घर वाढविण्यासाठी पैसा घरातूनच उभा होत होता तोवर कोणी कागद मागितला नाही. १९७७ मध्ये घरांना कर्ज देणारी पहिली मोठी खाजगी वित्तसंस्था देशात निघाली, हळूहळू बँकाही या व्यवहारात आल्या, आणि त्यांच्या वकिलांनी साधा प्रश्न विचारला, 'मूळ मालकाचे वारस किती?' आजोबांच्या नावावरचा उतारा, त्यांची पाच मुले, त्यांतल्या तीन मुली, त्यांतली एक वारलेली, तिची मुले परदेशी. आता प्रत्येकाची सही हवी. हक्क सोडावयाचा तर तोंडी चालत नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडण्याचा लेख १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. ज्या बहिणीला पन्नास वर्षांत कोणी वाट्याविषयी विचारले नाही तिच्याकडे भाऊ मिठाई घेऊन जातो, आणि ती पुष्कळदा मुकाट्याने सही करते. क्वचित करीत नाही. तेव्हा गाव तिला लोभी म्हणते. माझ्या मते हा शब्द तिला लावण्याआधी गावाने तो कायदा एकदा वाचून पाहावा.

१९८८ मध्ये राज्य शासनाने वसई-विरारच्या जमिनी विकासासाठी खुल्या केल्या, १९९० मध्ये सिडकोकडे नियोजनाचा अधिकार आला, आणि या वाट्यांच्या किमती कोणाच्या ध्यानीमनी नव्हत्या तेथे पोहोचल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळ, तिचे मोर्चे आणि तिची किंमत वाचकांना ठाऊक आहे. घर वाढविणाऱ्याच्या दृष्टीने बदल असा झाला की पूर्वी ग्रामपंचायतीच्या एका कागदावर निभणारे काम आधी सिडकोच्या आणि नंतर महानगरपालिकेच्या नकाशा-मंजुरीपर्यंत गेले. घर गावठाणात आहे की वाडीत, जमीन बिनशेती झालेली आहे की नाही, सीमेपासून किती जागा सोडावयाची, हे प्रश्न पायाच्या आधी सुटावे लागतात. आजोबांनी शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून बांधले त्या जागी नातवाला दोन्ही बाजूंस अंतर सोडण्यास सांगितले जाते, आणि अरुंद पट्टीवर ते अंतर सोडले की खोलीच उरत नाही. मग वरच्या वर मजले चढतात, मंजुरी मागाहून पाहू म्हणून. ती मागाहून मिळतेच असे नाही.

म्हणून जुने घर काढावयास निघालेल्यांना एकच क्रम सुचवावासा वाटतो. आधी वारसांची यादी, मग नकाशा, मग गवंडी. पाडण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे माप व छायाचित्र घ्यावे, कोणता खांब कोणत्या तुळईखाली आहे ते लिहून ठेवावे. लाकूड ठेकेदाराला 'मलबा' म्हणून देऊ नये. सागाची तुळई वरून काळी पडली तरी रंध्याच्या दोन हातांत आतला सोनेरी रंग दाखविते, आणि तशीच लाकडे जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जाऊन मोठ्या किमतीची टेबले होतात. कौलेही विकली जातात. नवी शेतघरे आणि पर्यटकांसाठी उभारलेली कौलारू विश्रामगृहे त्यांना गिऱ्हाईक असतात. विकताना शेकड्यामागे फुटकी किती, हे मोजून घ्यावे. बासेलचा ठसा असलेल्यांना भाव अधिक मिळतो, साल वाचणाऱ्यांची चूक अजून दुरुस्त झालेली नसल्यामुळे.